घरतांच्या ओट्याची उंची

मागच्या जुलैत जुईपाड्यात तीन दिवस पाणी राहिलं, तेव्हा घरतांच्या घरात बत्तीस माणसं होती. शिवाय सहा शेळ्या, एक शिलाई मशीन आणि म्हाताऱ्या धोंडूबाईचं तांदळाचं पिंप. आत्माराम घरताला त्यात नवं काही वाटलं नाही. पाड्यात पाणी शिरलं की घरतांच्या ओट्यावर जायचं, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. त्याची बायको रखमाबाई मोठ्या टोपात पेज चढवायची आणि आत्माराम ओट्याच्या कडेला उभा राहून एकेकाला हात देऊन वर घ्यायचा.

घर त्याच्या बापानं बांधलेलं. बाप मिठागरावर मुकादम होता. एका पावसाळ्यात पाड्यातली दोन माणसं वाहून गेली. त्यानंतर सगळ्या पाड्यानं खाडीकाठच्या खाजणातली चिकण माती डोक्यावरून आणली, महिनाभर तुडवली आणि कमरेहून उंच असा उंचवटा केला. त्यावर हे घर. जागा घरतांची, माती गावाची, म्हणून पुरात ओटा सगळ्यांचा, असं तेव्हा ठरलं होतं. ते कुठं लिहिलेलं नव्हतं, पण मोडलंही नव्हतं.

फेब्रुवारीत ज्ञानदा आली. विरारला चंदनसारमध्ये राहणारी, सत्तावीस वर्षांची, मूळच्या साताऱ्याकडच्या आईबापांची मुलगी. पालिकेसाठी पुराचा नकाशा करायचं काम ज्या कंपनीला मिळालं होतं, तिच्यात ती इंजिनियर होती. पाड्याच्या वर आठवडाभर तिचं ड्रोन फिरून गेलं होतं. आता तिला जमिनीवरून फिरवणारा माणूस रोजावर हवा होता. पाड्यात विचारलं तर सगळ्यांनी एकच घर दाखवलं.

ती ओट्यावर बसली आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर तिनं राखाडी रंगाचं चित्र उघडलं. त्यात घर नव्हतं, झाड नव्हतं. नुसती जमीन, कुठं उंच, कुठं सखल.

"हे काय?" आत्मारामनं विचारलं.

"तुमचा पाडा, काका. वरची घरं, झाडं कॉम्प्युटरनं काढून टाकलीत."

"तो कसा काढतो?"

"त्याला आधी हजारो ठिकाणची चित्रं दाखवलीत. हे झाड, हे छप्पर, ही माती, असं सांगून सांगून. लहान मुलाला दाखवतो ना, तसं. डीप लर्निंग म्हणतात त्याला. आता नवं चित्र दिलं की तो स्वतःच ओळखतो आणि खालची जमीन काय उंचीची असेल ते काढतो. मग पाऊस इतका, भरती इतकी, असं सांगितलं की पाणी कुठं जाईल, किती चढेल, ते सांगतो."

रखमाबाई हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून बघत राहिली.

"मी लगीन होऊन आले तवा असंच होतं," ती म्हणाली. "असंच रिकामं. दारात उभं राह्यलं की खाडीपर्यंत दिसायचं. मिठाच्या राशी उन्हात अशा चमकायच्या, डोले दिपायचे."

आत्माराम मात्र चित्रात काहीतरी शोधत होता. त्यानं बोट ठेवलं.

"हितं बांद पायजे. आमचा खाडीचा बांद कुठं गेला?"

ज्ञानदानं चित्र मोठं केलं. बांध नव्हता. खाडी आणि पाडा यांच्यामध्ये जमीन सपाट दिसत होती. तिनं ड्रोनचा मूळ फोटो काढून पाहिला. बांधावर तिवरं माजली होती, मधे चार झोपड्या होत्या.

"त्याला वाटलं, ती नुसती झाडं आणि घरं आहेत," ती म्हणाली. "झाडांबरोबर बांधही काढून टाकला त्यानं."

आत्माराम मोठ्यानं हसला. "तुज्या कांपुटरनं आमचा बांदच खाल्ला, बाय. साठ वरसं आमी तो लिंपला."

"म्हणून तर तुमच्याकडे आलेय."

दुसऱ्या दिवसापासून दोघं फिरू लागली. ज्ञानदाकडे एक लांब काठी होती, तिच्या टोकाला पांढरी तबकडी. काठी जमिनीवर टेकवायची, तिच्यावरचा पाण्याचा बुडबुडा मधोमध आणायचा आणि यंत्र वाजेपर्यंत हलायचं नाही. की त्या जागेची उंची नोंदली गेली. तिवरांच्या चिखलात ज्ञानदाचे बूट रुतायचे. दोनदा ती पडली. तिसऱ्या दिवशी आत्मारामनं काठी आपल्या हातात घेतली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, लुंगी वर खोचून अनवाणी उभा राहिला की काठी जमिनीत पुरल्यासारखी स्थिर राहायची.

"तुम्हाला कसं जमतं?" तिनं विचारलं.

"मिठागराचे वाफे पायानं तुडवून सपाट करतात. बोटभर उतार चुकला तर मीठ एकाच कोपऱ्यात धरतं आनि मुकादम शिव्या घालतो. माजा मुकादम तर बापच होता." त्यानं तळपाय उचलून दाखवला. टाच भेगाळलेली, कडा मिठानं खाऊन पांढऱ्या पडलेल्या. "डोल्यांना नाय कलत, तलव्याला कलतं. आता तू उभी हायेस तिथून पानी त्या बाबलीकडं जाईल."

ज्ञानदानं मोजून पाहिलं. चार बोटांचा उतार होता, त्या बाभळीकडेच.

चालताना तो जागांची नावं सांगायचा. बारकी कोंडी, सोनकोपरा, भिवाचं खाचर. ही नावं आता कोणी घेत नव्हतं. भिवाच्या खाचरात गाड्या धुवायचं सेंटर होतं. सोनकोपऱ्यात भाताची एक जात व्हायची, खाऱ्या मातीतली, तांबूस. तिची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहायची. हे सांगताना आत्माराम तोंडात तो घास असल्यासारखा थांबायचा. ज्ञानदा प्रत्येक नाव लिहून घ्यायची. तिच्या कामाला त्याची गरज नव्हती, पण ती लिहायची.

मार्चच्या उन्हात एक दिवस ते पाड्याशेजारच्या नव्या कॉम्प्लेक्सच्या फाटकाशी आले. आत जुनी मोरी होती, दगडी, दोन माणसं वाकून जातील एवढी. पाड्याचं पाणी तिच्यातून नाल्यात जायचं. वरून ती दिसत नव्हती, त्यामुळे कॉम्प्युटरच्या लेखी तिथं सलग भिंत होती.

वॉचमननं ज्ञानदाला खुर्ची दिली. आत्मारामला म्हणाला, "तुम्ही कोणाकडे? रजिस्टरमध्ये नाव लिहा. फ्लॅट नंबर लिहा."

"फ्लॅट नाय. हितं मी भात लावलंय."

"तसं चालत नाही. नंबर पाहिजे."

"ते माझ्यासोबत आहेत," ज्ञानदा म्हणाली.

"मॅडम, तुमचं पत्र आहे. त्यांचं नाहीये."

आत्माराम उन्हात उभा राहिला. ज्ञानदानं फोन केले, सोसायटीचा सेक्रेटरी आला, पत्र वाचलं, परत वाचलं. पाऊण तास गेला. शेवटी आत्मारामनं रजिस्टरमध्ये नाव लिहिलं आणि फ्लॅट नंबरच्या रकान्यात वॉचमननं आपल्या हातानं "कामगार" असं घातलं. आत्मारामनं ते वाचलं आणि तो आत गेला.

आत बगीचा होता, लॉन होतं, मुलांची घसरगुंडी होती. तो भिंतीच्या कडेनं पावलं मोजत गेला, एका जागी थांबला आणि सोबत आणलेल्या पहारीचं टोक मातीत मारलं. तिसऱ्या घावाला दगड वाजला. माळ्यानं फावडं आणलं. दीड हात खणल्यावर मोरीचं तोंड लागलं, डेब्रिजनं निम्मं बुजलेलं.

"पाणी जात असेल का अजून?" ज्ञानदानं विचारलं.

आत्मारामनं वाकून आत हात घातला. "वारा येतो. म्हंजे पलीकडं उघडी हाय."

त्या दिवशी त्यानं रखमाबाईला मोरीबद्दल सगळं सांगितलं. रजिस्टरबद्दल सांगितलं नाही.

एप्रिलच्या अखेरीस ज्ञानदानं मागच्या जुलैचा पूर कॉम्प्युटरवर परत चालवला. बांध जागेवर होता, मोरी होती. गेल्या वर्षी पाणी कोणत्या भिंतीवर कुठवर चढलं, ते आत्मारामनं आधीच घराघरांतून दाखवून ठेवलं होतं. चित्रातलं पाणी त्या खुणांपासून कुठं वीतभर, कुठं चार बोटं चुकलं. धोंडूबाईच्या घरात तर अगदी तंतोतंत आलं.

"शिकला रे शिकला," आत्माराम म्हणाला आणि त्यानं रखमाबाईला चहा टाकायला सांगितलं.

त्यानंतर दोन आठवडे ज्ञानदा आली नाही. आली तेव्हा लॅपटॉप पिशवीतून काढलाच नाही. रखमाबाईनं पुढ्यात ठेवलेला चहा गार झाला.

"काय झालं, बाय?"

"काका, मागच्या वर्षीचा पूर, नवा रस्ता आणि भराव वजा करून, मागच्या वर्षीच्या जमिनीवर चालवला होता. आता तोच पाऊस यंदाच्या जमिनीवर चालवला." तिनं समोर हात केला. "हिवाळ्यात तुमच्यासमोरचा रस्ता काँक्रीटचा झाला, उंच झाला. मागे गोदामांसाठी भराव पडला. चिंचोटीकडून डोंगराचं पाणी यायचं ते पूर्वी त्या शेतांत पसरायचं. आता भराव त्याला अडवतो आणि तुमच्या घरामागे वळवतो. आणि पुढून रस्ता त्याला जाऊ देत नाही."

"मंग?"

"तुमचं घर वाटीत आलंय, काका. इथं छातीएवढं पाणी दाखवतंय."

आत्मारामनं तिच्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे.

"ह्या ओट्याला कदी पानी शिवलं नाय. माज्या बापाच्या वेलेपास्न नाय."

"मला माहीत आहे."

"तुज्या यंत्राला सांग, परत बघ म्हनावं. बांद खाल्ला होता तसंच कायतरी खाल्लं असंल."

"मी सहा वेळा पाहिलं," ज्ञानदा हळू आवाजात म्हणाली. "सगळ्या उंच्या तुम्हीच काठी धरून दिलेल्या आहेत."

तो उठून घरात गेला. ज्ञानदा थोडा वेळ बसली, मग रखमाबाईला सांगून निघून गेली.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी रविवार होता. मुलगा विपुल घरी होता. तो वालीवला एका प्रेसच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि दोन वर्षं वरच्या अंगाला फ्लॅट बघू म्हणून बापाच्या मागे लागला होता.

"गवंड्याकडून पान्याची नली आन," आत्माराम म्हणाला.

विपुलनं पारदर्शक लांब नळी आणली. गवंडी दोन भिंतींची पातळी जुळवायला वापरतात, तसली. बापलेकांनी तिच्यात पाणी भरलं, बुडबुडे काढले. विपुल एक टोक धरून रस्त्यावर उभा राहिला, आत्माराम दुसरं टोक घेऊन ओट्याच्या खांबापाशी. पाणी दोन्हीकडे हललं, वर-खाली झालं आणि स्थिर झालं.

"बाबा, माझ्याकडे रस्त्यापासून दोन बोटं वर आहे," विपुल ओरडला. "तुमच्याकडे?"

आत्माराम खांबाजवळ वाकला होता. त्याच्या टोकाचं पाणी ओट्याच्या फरशीपासून गुडघ्याच्याही वर उभं होतं. म्हणजे रस्ता ओट्यापेक्षा गुडघाभर उंच. रस्ता झाल्यापासून अंगणात यायला पायऱ्या उतराव्या लागत होत्या, हे तो रोज करत होता. पण उतरणं वेगळं आणि हे बघणं वेगळं.

"बाबा? किती आहे?"

त्यानं नळी खाली ठेवली. पाणी अंगणात सांडून गेलं.

विपुलला बोलायची संधी होती. पण बापाचा चेहरा पाहून त्यानं नळी गुंडाळायला घेतली. "मी फ्लॅटचं आत्ता काही बोलत नाही," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी आत्मारामनं स्वतः ज्ञानदाला फोन केला. "बरोबर हाय तुजं," तो म्हणाला. "आता मोरीचं बग. ती साफ झाली तर धोंडूबाईच्या घराकडं तरी पानी लवकर उतरंल ना?"

"उतरेल. मी चालवून पाहिलंय. तीन दिवसांचं एका दिवसात."

जूनच्या आधी पालिकेचं मशीन आलं आणि मोरी उपसून गेलं. त्या दिवशी फाटकावर आत्मारामला रजिस्टर भरावं लागलं नाही. तो गेलाच नव्हता.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात चिंचोटीच्या डोंगरावर दोन दिवस पाऊस हटला नाही. बुधवारी सकाळी सातला ज्ञानदाचा फोन आला.

"काका, दुपारी मोठी भरती आहे. बाराच्या सुमारास तुमच्याकडे पाणी शिरेल. पालिकेच्या शाळेचा वरचा मजला उघडलाय. सगळ्यांना तिकडे न्या. तुमच्या घरी कोणी थांबू नका."

"बरं," आत्माराम म्हणाला.

तो बाहेर आला तर पाड्यातून माणसं यायला लागलीच होती. डोक्यावर बोचकी, काखेत पोरं. कुणाला सांगावं लागत नसे. सगळ्यात पुढं धोंडूबाई, एका हातात शेळीची दोरी, दुसऱ्या हातात काठी. तिच्या मागून नातसून तांदळाचं पिंप घेऊन.

आत्माराम पायऱ्या चढून रस्त्यावर गेला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला.

"हितं येव नका," तो म्हणाला. "शालेत जा. वरच्या मजल्यावर."

"काय?" धोंडूबाईला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"आमच्या घरात पानी येनार हाय, म्हातारे. शालेत चला."

"तुज्या घरात?" ती हसली. मग हसू गेलं. "ह्या ओट्याची माती मी डोक्यावरनं वाह्यली, आत्माराम. नवीन लगीन झालेलं माजं. चुंबल पन नव्हती, पदर गुंडालून ठेवलावता. आनि तू मना येव नको म्हनतस?"

मागची माणसं थांबली. हळूच एकजण म्हणाला, "लेकाला गर्दी नको झाली असंल." आत्मारामनं ऐकलं.

रखमाबाई दारात उभी होती. "अवो, आजवर कोनाला नाय म्हनलं नाय आपन," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"आज म्हनायचं हाय." तो वळला. "तू पन चल. टोप घे, तांदूल घे. पेज तिथं कर."

मग त्यानं धोंडूबाईच्या नातसुनेच्या डोक्यावरचं पिंप स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि शाळेच्या दिशेनं चालू लागला. पावसात त्याची पाठ ओझ्यानं वाकलेली दिसत होती. थोडा वेळ कुणी हललं नाही. मग धोंडूबाईनं शेळीची दोरी ओढली. पिंप तिचं होतं, तिला मागून जाणं भाग होतं. ती निघाली तशी बाकीचीही निघाली.

बारा वाजले. पाणी आलं नाही. शाळेच्या खिडकीतून पाडा दिसत होता. धोंडूबाईच्या घराकडे नाल्याचं पाणी चढलं होतं, ते दरवर्षीचं. घरतांचं अंगण कोरं होतं. एक वाजला. भरती उतरायला लागली असणार, असं कुणीतरी म्हणालं.

"चला घरतांकडं," एकजण उठला. "हितं लादीवर पोरं गारठली."

"थांबा," आत्माराम म्हणाला.

"आत्मादादा, बाराला येनार होतं ना? कांपुटर झोपला काय?"

दोघं-तिघं हसली. आत्माराम जिन्यावर जाऊन पायरीच्या मधोमध बसला. कुणी उतरायचं म्हटलं तर त्याला ओलांडून जावं लागलं असतं. त्याचे ओले केस कपाळाला चिकटले होते, खांदा पिंपाच्या कडेनं सोलला होता. विपुल त्याच्याशेजारी येऊन बसला. बापाच्या इतका जवळ तो बऱ्याच वर्षांनी बसला होता.

"नाही आलं तर?" विपुलनं हळूच विचारलं.

"नाय आलं तर बरंच," आत्माराम म्हणाला. मग म्हणाला, "मी देवाला तेच सांगतोय."

दोन वाजून दहा मिनिटांनी खिडकीपाशी उभी असलेली रखमाबाई ओरडली. पाणी नाल्याकडून आलं नाही. घरामागून आलं, भरावाच्या कडेनं, तांबडं, जोरात. आधी मागचं परसू गेलं, मग अंगण. रस्त्याला धडकून ते मागे फिरलं आणि तिथंच चढू लागलं. रस्त्यावरून थोडं ओसंडत होतं, पण त्याच्या कितीतरी पट मागून येत होतं. अर्ध्या तासात ओटा दिसेनासा झाला. चार वाजता खिडकीचे निम्मे गज पाण्याखाली होते.

जिन्यात, खिडकीत माणसं दाटली होती. एरवी ती सगळी त्या वेळी त्या घरात असती, आणि मागून आलेलं पाणी पुढून बाहेर पडू देत नसताना कुणी कुणाला कुठून बाहेर काढलं असतं, हा विचार प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होता.

आत्माराम खिडकीपाशी गेला नाही. जिन्यावरच बसून राहिला. धोंडूबाई काठी टेकत त्याच्यापर्यंत आली आणि एक पायरी वर बसली.

"तुज्या बापाचं घर खाली गेलं नाय," ती म्हणाली. "आजूबाजूचं वर आलं."

त्यानं मान हलवली.

शुक्रवारी पाणी ओसरलं. धोंडूबाईच्या बाजूचं तर गुरुवारीच गेलं होतं. घरतांच्या घरात घोट्याच्या वर गाळ होता. कपाट आडवं पडलेलं, गाद्या फुगलेल्या, भिंतीवर छातीएवढ्या उंचीला तांबडी रेघ. रखमाबाई उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली, मग पदर खोचून आत शिरली.

दहा वाजता ज्ञानदा आली. अंगणात तिला सगळा पाडाच दिसला. कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या घमेलं, कुणी नाल्याचं पाणी बादल्यांनी आणत होतं. परवा जिन्यात हसलेला माणूस माजघरातला गाळ खरवडत होता. ज्ञानदानं बूट काढले, सलवार वर खोचली आणि घमेल्यांच्या रांगेत उभी राहिली.

"दोन तास उशिरा आलं, काका," ती म्हणाली. "ते मला शोधावं लागेल, का चुकलं."

"शोध," आत्माराम म्हणाला. "पुढच्या टायमाला मानसं एवढी थांबायची नायत."

दुपारी बायकांनी भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण आणलं. घरात बसायला कोरडी जागा नव्हती, म्हणून सगळे रस्त्यावर गेले आणि काँक्रीटच्या कडेला ओळीनं बसले. आत्मारामही बसला. त्याच्या पुढ्यात कुणीतरी भाकरी ठेवली. पुराच्या दिवसांत आपण बसलोय आणि दुसरं कुणी वाढतंय, असं त्याच्या आयुष्यात झालं नव्हतं. बसल्या जागेवरून त्याला आपल्या घराची कौलं, अंगण, उघडं दार खाली दिसत होतं. इतकी वर्षं तो त्या ओट्यावरून खाली पाड्याकडे बघत आला होता. घर वरून बघितलं की लहान दिसतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

धोंडूबाईनं हात धुतले आणि ओठ पुसले.

"उद्या किती वाजता यायचं?" तिनं विचारलं. "मागची खोली रायली हाय अजून."

"सकालीच या," आत्माराम म्हणाला.